सोलापूर पायाखाली घालताना: नव्या शहरात पळायला निघणाऱ्यांसाठी

बदली, मुलाखत, परीक्षा किंवा नात्यातले लग्न अशा कारणाने नव्या शहरात चार-आठ दिवस मुक्काम पडला, की बहुतेकांना तिथल्या तीनच जागा ओळखीच्या होतात: उतरण्याची, कामाची आणि जेवणाची. त्यांच्या मधले शहर रिक्षातून दिसते खरे, पण लक्षात राहत नाही, कारण एकही वळण आपण स्वतः घेतलेले नसते. ज्याला पळण्याची थोडी तरी सवय आहे, त्याने अशा मुक्कामात बूट बरोबर न्यावेत आणि पहाटेचा एक तास शहरासाठी राखून ठेवावा. तासाभराच्या चालण्यात चार-पाच किलोमीटर होतात. सावकाश पळण्यात सात-आठ होतात, आणि तेवढ्या अंतरात एक पेठ कुठे संपते, दुसरी कुठे लागते, रस्ता कुठे चढतो आणि कुठे अरुंद होतो, हे सगळे एका सलग अनुभवात बसते.

सोलापूर या कामाला फार अनुकूल आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असल्यामुळे छाती भरून येईल असे चढ जवळजवळ नाहीत. मध्यभागी सिद्धेश्वर तलाव आणि त्याला लागून भुईकोट किल्ला अशी कुठूनही विचारता येईल अशी खूण आहे. शिवाय बाहेर जाणाऱ्या रस्त्यांना ते ज्या गावी जातात त्यांचीच नावे आहेत. या तीन गोष्टींचा उपयोग करून घेतला, तर आठवड्याच्या मुक्कामातही शहराची चांगली ओळख होते.

आदल्या संध्याकाळची तयारी

पळण्याचा मार्ग पहाटे दारात उभे राहून ठरवू नये. आदल्या संध्याकाळी फोनवरचा नकाशा उघडून आधी सिद्धेश्वर तलाव शोधावा, मग आपले मुक्कामाचे ठिकाण, आणि त्या दोहोंमधले अंतर व दिशा मनात पक्की करावी. रेल्वे स्थानकाच्या परिसरात उतरलेल्यांना तलाव व किल्ला साधारण दोन किलोमीटरवर पडतात, म्हणजे जाऊन-येऊन सोपी फेरी होते. त्यानंतर रस्त्यांची नावे पाहावीत. तुळजापूर रस्ता उत्तरेकडे निघतो, हैदराबाद रस्ता पूर्वेकडे, अक्कलकोट रस्ता आग्नेयेकडे, विजापूर रस्ता दक्षिणेकडे आणि पुणे नाका वायव्येला आहे. ही पाच नावे पाठ असली, की वाट चुकली तरी घाबरण्याचे कारण उरत नाही. जवळच्या दुकानाच्या पाटीवर पत्ता वाचला, तरी आपण तलावाच्या कोणत्या बाजूला आहोत याचा अंदाज येतो. सूर्य उगवल्यावर तर दिशेची अडचणच राहत नाही.

नकाशावर रेखाटलेला मार्ग जसाच्या तसा पाळण्याचा हट्ट मात्र धरू नये. मी तीन-चार ठळक चौकांची नावे ओळीने लक्षात ठेवतो आणि मधल्या वाटा पायांवर सोडतो. पळताना दर मिनिटाला फोन पाहणारा माणूस शहर पाहत नाही, आणि खड्डाही पाहत नाही. कानात गाणी लावून निघण्याविरुद्धही माझे स्पष्ट मत आहे: नव्या शहरात कान मोकळे हवेत, वाहनांसाठी आणि शहराच्या आवाजांसाठीही.

बरोबर घ्यावयाच्या वस्तू थोड्याच आहेत. फोन, शंभर-दोनशे रुपयांची रोकड, ओळखपत्राची प्रत, आणि मुक्कामाचा पत्ता व घरच्या एका व्यक्तीचा क्रमांक लिहिलेला कागद एवढे खिशात असावे. आपण कोणत्या बाजूला निघालो आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू, हे लॉजच्या काउंटरवर किंवा घरातल्या माणसाला सांगून निघावे. एकटीने पळणाऱ्या स्त्रियांनी पहिले दोन दिवस दिवे आणि वर्दळ असलेले रस्ते निवडावेत व उजाडल्यावरच निघावे. अडचणीत ११२ हा क्रमांक कुठूनही लागतो.

पहिली फेरी: तलाव आणि किल्ल्याभोवती

पहिल्या दिवशी चार ते पाच किलोमीटरपेक्षा जास्त पळू नये. प्रवासाने पाय जड झालेले असतात, आणि पहिल्या फेरीचा हेतू मध्यभाग डोळ्यांत बसवणे एवढाच असतो. वेग असा ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. एकटे असल्यास मनातल्या मनात दुकानांच्या पाट्या वाचता याव्यात. पाट्या वाचायला वेळ मिळत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजावे.

सुरुवात पार्क चौकापासून करावी. स्टेडियमच्या परिसरात पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे नवख्या माणसाला इथे परकेपणा वाटत नाही. जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याआधी मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. इथे थांबावे, नावे वाचावीत आणि मगच पुढे जावे. घड्याळातील सरासरी वेग बिघडेल या भीतीने अशा ठिकाणी न थांबणारे धावपटू मी पाहिले आहेत; त्यांनी सराव मैदानात करावा आणि शहरात पाहण्यासाठी पळावे असे मला वाटते.

तिथून किल्ल्याच्या तटाला धरून निघावे. बहामनी काळातील या किल्ल्याला दुहेरी तटबंदी आणि खंदक आहे. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला सपाट जमिनीवरचा किल्ला आधी लहान वाटतो. त्याच्या तटाच्या बाजूने पळताना मात्र एकामागून एक बुरूज येत राहतात आणि त्याचा खरा आवाका कळतो. आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, पण ते घामेजल्या अंगाने घाईघाईत पाहण्यासारखे नाहीत. त्यासाठी दिवसा वेगळा वेळ काढावा.

किल्ल्यापुढे तलाव आणि त्यातले सिद्धेश्वर मंदिर दिसते. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, हे बसवेश्वरांच्या काळातले शिवयोगी आणि कन्नड वचनकार होते. हा तलाव त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदवला असे परंपरा सांगते. मंदिर पाण्याने वेढलेले आहे आणि त्यांची समाधी मंदिराच्या आवारातच आहे. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर पळू नये. तिथे चालावे, दर्शन घ्यायचे असल्यास बूट काढून रांगेतून जावे, आणि आखूड कपड्यांत पळत असल्यास बाहेरूनच नमस्कार करावा. पहाटे देवळात आलेल्या माणसांच्या मधून घाम गाळत धावणे कुणालाच रुचत नाही, आणि ते योग्यही नाही.

जवळचे होम मैदान हे पाय मोकळे करण्यासाठी उत्तम आहे. फक्त जानेवारीत ते सोडून द्यावे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, होतो आणि मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, लागतो. त्या दिवसांत या भागात पळण्याचा विचारही करू नये. सोलापूरकरांबरोबर गर्दीत चालावे, तेच त्या दिवसांचे शहरदर्शन आहे.

परत येताना सात रस्ता या चौकावरून यावे. इथे दिशांचा चांगला सराव होतो: चौकाच्या कडेला थांबून, नकाशा न पाहता, कोणता रस्ता कुठे जातो हे आधी स्वतःशी ठरवावे आणि मग एखाद्या वयस्क माणसाला विचारून खात्री करावी. सोलापुरात वाट विचारण्याचा संकोच बाळगू नये. "काका, पार्क चौक कुठल्या बाजूला?" एवढे विचारले, की "सरळ जावा की, पुढं डाव्या हाताला बघा" असे उत्तर मिळते आणि बहुधा त्यापाठोपाठ आपले गाव कोणते याची चौकशीही होते. ती चौकशी टाळू नये.

पुढचे दिवस: एका वेळी एक दिशा

मध्यभाग ओळखीचा झाला, की दररोज एक रस्ता निवडून मध्यापासून बाहेर जावे आणि शक्यतो शेजारच्या रस्त्याने परत यावे. त्याच रस्त्याने परतणे सोपे असते, तरी वेगळ्या वाटेने आल्यास दोन रस्ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे कळते, आणि शहराची ओळख खरी तिथेच होते.

दक्षिणेची दिशा नवख्याला सर्वांत सुखाची आहे. विजापूर रस्त्याने तीन-चार किलोमीटर गेल्यावर धर्मवीर संभाजी तलाव लागतो. जुने सोलापूरकर त्याला अजून कंबर तलाव म्हणतात आणि वाट विचारताना दोन्ही नावे चालतात. काठावर स्मृती उद्यान आहे, सकाळी फिरायला येणाऱ्यांची सोबत असते आणि पाण्यावर पक्षी दिसतात. जवळच रेवणसिद्धेश्वराचे मंदिर आहे. त्यापुढे जुळे सोलापूरची नवी वस्ती सुरू होते, आणि मोठी घरे, रुंद रस्ते, शाळा व दवाखाने पाहताना शहर कोणत्या बाजूला वाढत आहे हे लक्षात येते.

पश्चिमेकडील फेरी गिरण्यांच्या इतिहासाची आहे. मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७७ साली सोलापुरात सुरू झालेली कापड गिरणी लोकांच्या तोंडी जुनी मिल म्हणूनच राहिली आहे. तिच्यामागून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यांवर चालणारे कामगारांचे शहर उभे राहिले. आज गिरण्या बंद आहेत. मुरारजी पेठ, भैया चौक या भागांतून पळताना नव्या इमारतींच्या मध्ये अचानक एखादी लांबलचक दगडी भिंत लागते, तिच्याकडे लक्ष द्यावे. भैया चौकाच्या भागातच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले.

पूर्व भाग: इथे पळणे कमी, पाहणे जास्त

सोलापूर खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे असेल, तर पूर्व भागाला किमान दोन सकाळी द्याव्यात, असा माझा आग्रह आहे. साखर पेठ, भवानी पेठ, कन्ना चौक, जोडभावी पेठ, अशोक चौक, दत्त नगर, कुचन नगर ही नावे लक्षात ठेवावीत. तेलंगणाच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती आहे. दुकानांच्या पाट्यांवर मराठीबरोबर तेलुगू दिसते, घराघरांतून तेलुगू ऐकू येते, आणि तीच माणसे आपल्याशी मराठीत सहज बोलतात. इथे वाट विचारताना "अण्णा" किंवा "अक्का" म्हटले, तर ते आपुलकीचे वाटते.

या भागात मार्ग कानांनी ठरवावा. पेठेत शिरल्यावर यंत्रमागांची एकसुरी खटखट ऐकू येऊ लागते. एका बोळात ती जवळ येते, दुसऱ्यात विरते. इथेच सोलापुरी चादर आणि टॉवेल विणले जातात, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कारखान्याचे दार उघडे असले, तरी परवानगीशिवाय आत डोकावू नये व फोटो काढू नये. दाराशी थांबून "बघू का जरा?" असे विचारले, तर सहसा नकार मिळत नाही. सकाळी विड्यांच्या कारखान्याकडे टोपल्या घेऊन निघालेल्या बायाही याच रस्त्यांवर दिसतात. घरी तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळायच्या आणि कारखान्यात मोजून द्यायच्या, या कामावर इथली हजारो घरे चालतात. त्यांच्या रस्त्यात आपण पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवून बोळात चालावे, पाणी भरणाऱ्यांना व शाळेच्या मुलांना आधी वाट द्यावी. पूर्व भागातल्या एका तासात तीनच किलोमीटर झाले, तरी ती सकाळ चांगली गेली असे मी मानतो. नारळी पौर्णिमेला मुक्काम असेल, तर बूट बाजूला ठेवून मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव पाहावा.

ऊन, वाहने आणि कुत्री

सोलापूरच्या उन्हाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागते, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि सकाळी आठ वाजता रस्त्यावर सावली शोधावी लागते. उन्हाळ्यात सूर्योदय सहाच्या आसपास होतो, तेव्हा त्याच सुमारास निघून सातच्या आत परतावे. मुंबई-कोकणातून आलेल्या धावपटूंनी एक फरक विशेष लक्षात घ्यावा: इथली उन्हाळ्याची हवा कोरडी आहे, घाम अंगावर राहत नाही, लगेच उडून जातो, आणि त्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले हे कळतच नाही. कपडे कोरडे आहेत म्हणून पाणी पिण्याचे टाळू नये. निघण्यापूर्वी एक-दोन पेले पाणी प्यावे, अर्ध्या तासापेक्षा जास्त पळायचे असल्यास बाटली बरोबर ठेवावी आणि परतल्यावर मीठ-साखर-लिंबाचे पाणी घ्यावे. डोके दुखणे, मळमळ, भोवळ, अंगावर काटा येणे यांपैकी काहीही झाले, तर ताबडतोब थांबून सावलीत बसावे, डोक्यावर-मानेवर पाणी घ्यावे आणि रिक्षाने परत यावे. भान हरपल्यासारखे किंवा बोलणे विसंगत होऊ लागले, तर तो उष्माघात समजून रुग्णालय गाठावे.

हिवाळा हा इथे पळण्याचा सर्वोत्तम काळ आहे. तेव्हा उजाडायला सात वाजत आलेले असतात, म्हणून घाई करून अंधारात निघू नये. पावसाळ्यात पाऊस बेताचाच असतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. मात्र डांबर सोडून काळ्या मातीत पाऊल टाकले, की बुटाच्या तळव्याला चिखलाचे थर चढतात आणि पाय मुरगळतो.

पदपथ जिथे नाही किंवा अडलेला आहे, तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे पळावे. उसाच्या गाळपाच्या दिवसांत बाहेरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जात असतो. मागची ट्रॉली वळणावर किती आत येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ती पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबावे. हैदराबाद रस्त्याला बाजार समिती आहे. सोलापूर कांद्याची मोठी बाजारपेठ असल्यामुळे हिवाळ्यात तिकडे पहाटेपासून गाड्यांची रीघ लागते. त्या काळात हा रस्ता पळण्याच्या यादीतून वगळावा.

भटकी कुत्री हा नवख्याचा सर्वांत मोठा धसका असतो. कुत्रे भुंकत आले, तर पळणे थांबवावे, त्याच्याकडे रोखून पाहू नये, पाठ न फिरवता सावकाश चालत त्याच्या हद्दीतून बाहेर पडावे. दगड उचलल्याचा आव आणण्यापेक्षा जवळच्या टपरीवर किंवा माणसांत जाऊन उभे राहणे अधिक उपयोगी पडते. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले सिव्हिल, हे विचारण्याचे पहिले ठिकाण आहे. प्रवासाच्या घाईत लस पुढे ढकलू नये.

मुक्काम लांबल्यास

दहा किलोमीटर सहज पळणाऱ्यांनी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या एकरूख तलावाची फेरी करावी. आदिला नदीवर ब्रिटिश काळात बांधलेला हा तलाव शहराबाहेर आहे. वाट महामार्गाची असल्यामुळे एकट्याने जाऊ नये, उजळ रंगाचे कपडे घालावेत, आणि शक्य असल्यास रिक्षाने तलावापर्यंत जाऊन पळणे बंधाऱ्याच्या आसपास करावे. कोजागरी पौर्णिमेला मात्र हाच रस्ता चालणाऱ्यांचा होतो. तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापुरातून हजारो माणसे रातोरात सुमारे ४५ किलोमीटर चालत जातात. नव्याने राहायला आलेल्याने त्यांच्याबरोबर पाच-सहा किलोमीटर तरी चालून पाहावे. वाटेत चहा-फराळ देणारी मंडळी आग्रहाने थांबवतात.

सोलापुरात वर्षभर राहायचे असेल, तर शहर जाणण्याची सर्वांत जुनी वाट अडुसष्ट लिंगांची आहे. सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट शिवलिंगे स्थापली, आणि यात्रेच्या आरंभी नंदीध्वज या लिंगांना प्रदक्षिणा घालतात. काही लिंगे किल्ल्याजवळ आहेत, काही पेठांतल्या घरांच्या गर्दीत, काही आता शहराच्या कडेला. ही फेरी एका दमात पळून पूर्ण करण्याची खटपट करू नये. प्रत्येक रविवारी पाच-सहा लिंगे ठरवावीत, आदल्या दिवशी शेजारच्या एखाद्या जाणत्या आजोबांकडून जागा विचारून घ्याव्यात, दोन लिंगांच्या मधले अंतर पळावे आणि प्रत्येक ठिकाणी बूट काढून थांबावे. पाहिलेल्या जागा, मधली वळणे आणि वाट सांगणाऱ्याने दिलेल्या खुणा घरी आल्यावर वहीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या रविवारी जिथे सोडले तिथूनच सुरुवात करता येते.